रोग्याच्या खाटेजवळचा पहिला दिवस

(मिरजोळे, तालुका रत्नागिरी, येथें ३ जानेवारी रोजीं सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त भरलेल्या पालकसभेंत तेथील एका शिक्षकानें केलेलें भाषण.)



आज सावित्रीबाईंची जयंती. आजच्या दिवशीं शाळामास्तरानें शाळेवर बोलावें अशी रीत आहे. बाईंनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींस शिकविण्यास आरंभ केला, त्यापायीं अंगावर शेणमाती झेलली, हें सर्व आपण आतांच मुलांच्या तोंडून ऐकलें. तें आम्ही पुन्हां सांगत बसत नाहीं. परंतु बाईंचा शेवट कसा झाला, तें मुलांच्या भाषणांत फारसें येत नाहीं. १८९७ सालीं पुण्यास प्लेग होता. बाईंचे चिरंजीव डॉक्टर यशवंतराव यांनीं हडपसरच्या बाजूस माळावर रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. बाईंचें वय त्या वेळीं सहासष्ट. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तींतलें एक आजारी पोर पाठीवर घेऊन त्या दवाखान्यापर्यंत चालत आल्या. त्यांतच त्यांना प्लेगनें गांठलें आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या गेल्या. ज्या बाईस आपण पहिली शिक्षिका म्हणतों ती रोग्याची सेवा करतां करतां गेली. तेव्हां आज रोग्याच्या सेवेचें शिक्षण, म्हणजे नर्सिंग, या विषयावर चार शब्द बोललों तर तें अस्थानीं होणार नाहीं.

तुम्ही म्हणाल, शाळामास्तराला दवाखान्यांतलें काय कळतें? प्रश्न रास्त आहे. आम्हीं कोणाची नाडी पाहिलेली नाहीं. परंतु शिकाऊ माणसाला काम कसें येतें आणि कसें येत नाहीं, हें पाहण्यांत आमचीं वीस-बावीस वर्षें गेलीं आहेत. शिवाय आपल्या या भागांतून बारावी झालेल्या कांहीं मुली दर वर्षीं या शिक्षणाला जातात. दोन वर्षांचें ए.एन.एम., तीन वर्षांचें जी.एन.एम., चार वर्षांची बी.एस्सी.; ज्याला जें परवडेल तें. बाप कर्ज काढतो, आई गळ्यांतलें मोडते, आणि मुलगी वसतिगृहांत जाते. पुढें ती तेथें कशी उभी राहते, हें घरीं कोणी विचारीत नाहीं. फी भरली कीं बापाचें कर्तव्य संपलें, अशी आपली समजूत आहे.

मागच्या एका दिवाळीच्या सुटींत आमची एक जुनी विद्यार्थिनी घरीं आली. तिचे वडील आंब्याच्या बागेंत राखणीला, आई येथल्याच एम.आय.डी.सी.त रोजावर. घराण्यांत बारावीच्या पुढें गेलेली ही पहिलीच. घाटावरच्या एका संस्थेंत ती नर्सिंगला होती, आणि तेव्हां तिला पुरें वर्षही झालें नव्हतें. चहा झाला, आणि पोर खालीं मान घालून म्हणाली, "गुरुजी, मला जमायचा नाय. मी सोडून येतंय."

"का गो? मार्क कमी पडले?"

"मार्क नाय कमी. हात कापतात."

मग हळूहळू सारें बाहेर आलें. पहिले कित्येक महिने नुसता वर्ग. पुस्तक इंग्रजी, फळा इंग्रजी. सरावाच्या खोलींत रबराचा पुतळा होता, पण त्या खोलीला बहुधा कुलूप. तपासणीला कोणी यावयाचें असलें म्हणजे ती झाडून उघडीत. आणि एके दिवशीं सकाळीं, कांहीं न सांगतां-सवरतां, मुलींची रांग वॉर्डांत नेऊन सोडली. शिकविणारें माणूस सोबत नाहीं. वॉर्डाची सिस्टर एकटी, तिच्या मागें तीस खाटा. तिनें या पोरीच्या हातांत रक्तदाब पाहण्याचें यंत्र दिलें आणि म्हणाली, "या दहा जणांचे बी.पी. घेऊन ये." पोरीनें तें यंत्र त्याआधीं दोनदांच हातांत धरलें होतें, तेंही मैत्रिणीच्या दंडावर. पहिलाच रोगी दांडगा. पट्टा दर वेळीं सुटे, कानांत कांहीं ऐकूं येईना. रोग्याचा मुलगा ओरडला, "शिकाऊ पोरी आमच्याच माणसावर कशाला घालतां?" सिस्टर धांवत आली आणि साऱ्या वॉर्डासमोर म्हणाली, "तुला बारावीला पास कोणी केलं?"

त्या दिवसापासून ही पोर चादरींच्या कपाटाआड उभी राहूं लागली. आणि बी.पी. घेण्याची पाळी आली कीं काय करी, तें तिनें आम्हांस रडत रडत सांगितलें. मागच्या कागदावरचा आंकडा पाहावयाचा, त्यांत दोन-चार इकडे-तिकडे करावयाचे, आणि नवा म्हणून लिहावयाचा. "गुरुजी, मी खोटा लिवलंय."

आम्ही गप्प बसलों. रागवावें असें मनांत आलें होतें. पण रागावण्याचा आम्हांस अधिकार आहे काय, हा प्रश्न आडवा आला. तो कां आला तें सांगतों.

आम्ही अध्यापक विद्यालयांत शिकत होतों तेव्हां आरंभीचे कित्येक महिने आम्हांस मूल असें दिसलेंच नाहीं. मूल मानसशास्त्राच्या वहींत होतें, भिंतीवरच्या तक्त्यावर होतें. सूक्ष्म अध्यापन म्हणून एक प्रकार असे. त्यांत पांच-सहा मिनिटांचा पाठ आपल्याच सोबत्यांपुढें घ्यावयाचा. मिसरूड फुटलेले सोबती तिसरीच्या मुलांप्रमाणें हात वर करीत आणि आधींच ठरलेलें उत्तर देत. तो पाठ आमचा उत्तम होई. मग एके दिवशीं आम्हांस खऱ्या वर्गांत उभें केलें. चाळीस मुलें. पाठटांचणांत आम्हीं आदल्या रात्रींच लिहून ठेवलें होतें कीं, 'मुलें उत्तर देतात : पाऊस समुद्रावरून येतो.' आम्हीं प्रश्न विचारला. पहिल्या बांकावरचें पोर उठून म्हणालें, "गुरुजी, पाऊस आमच्या कौलांतून येतो." वर्ग हंसला. आमचे पाय लटपटले. त्या पोराला आम्हीं खालीं बसविलें आणि ठरलेलें उत्तर फळ्यावर लिहून टाकलें. मागें बसलेल्या निरीक्षकांनीं शेरा दिला : पाठ समाधानकारक. आतां सांगा, आमचा तो फळा आणि त्या पोरीचा तो आंकडा यांत अंतर किती? आमच्या लबाडीनें कोणाच्या जिवाला धोका नव्हता, इतकेंच.

भ्यालेलें माणूस काम टाळतें, असें आपण समजतों. तें काम टाळील तर बरें. निदान दुसरा कोणी करील. भ्यालेलें माणूस काम केल्याचें सोंग करतें, आणि तें सोंग कागदावर खऱ्यासारखें दिसतें. डॉक्टर तो कागद पाहून औषध लिहितो. म्हणून शिकाऊ मुलीचा धीर हा तिच्या एकटीचा प्रश्न नव्हे. खाटेवर पडलेल्या माणसाचा तो प्रश्न आहे, आणि त्या खाटेवर उद्यां तुम्ही-आम्हीच असणार आहों.

हा धीर येतो कोठून? अमेरिकेंत आल्बर्ट बांडुरा म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनीं १९७७ सालीं या प्रश्नाचा नीट विचार मांडला. 'हें काम आपल्यानें होईल' हा भरंवसा माणसाला चार वाटांनीं मिळतो, असें ते म्हणतात. सर्वांत बळकट वाट म्हणजे तें काम आपल्या हातून एकदां नीट पार पडणें. दुसरी, आपल्यासारख्याच माणसाला तें करतांना जवळून पाहणें. तिसरी, ज्याच्या शब्दाला किंमत आहे अशानें 'तुला येईल' म्हणणें. चौथी आपल्या शरीराची अवस्था. छाती धडधडूं लागली, हात ओले झाले, कीं आपल्याला येत नाहीं असा अर्थ मन आपोआप लावतें. शब्दाचा धीर तिसऱ्या नंबरावर आहे, हें ध्यानांत घ्या. नुसत्या भाषणानें आत्मविश्वास येत नाहीं, हें आम्ही भाषण करूनच सांगत आहों, याची आम्हांस जाणीव आहे.

आमच्या पोरीच्या वांट्याला या चारही वाटा उलट्या आल्या. पहिलें काम फसलें, करून दाखविणारें कोणी जवळ नव्हतें, मिळाला तो शब्द मर्मीं लागणारा, आणि हात कापूं लागले ते कापतच राहिले.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, मुलीला रोग्याच्या खाटेपाशीं पहिल्या एक-दोन महिन्यांतच न्यावें. सहा-सहा महिने तिला पुतळ्याजवळ आणि पुस्तकाजवळ ठेवूं नये. पुतळा बोलत नाहीं, ओरडत नाहीं, त्याचा मुलगा खाटेजवळ उभा नसतो. पुतळ्यावर हात बसतो, माणसाची भीति मोडत नाहीं. परंतु न्यावयाचें तें हाताला धरून, आणि काम द्यावयाचें तें तिच्या हातून पुरें होईल एवढेंच. इंजेक्शन, सलाईन हें पहिल्या दिवसाचें काम नव्हे. पहिल्या दिवशीं हात धुवावे, रोग्याला नांव विचारावें, आपलें सांगावें. चादर बदलावी. पाठ टेकून बसवावें, पाणी पाजावें, म्हातारीची वेणी घालावी. मग ताप पाहावा, नाडी पाहावी, आणि ती घाईनें पाव मिनिट पाहून चारानें गुणूं नये, पुरा एक मिनिट मोजावी. श्वास मोजतांना रोग्याला सांगावयाचें नसतें. सांगितलें कीं तो श्वास बदलतो. म्हणून नाडीवरचें बोट तसेंच ठेवून डोळ्यांनीं छाती पाहावयाची. पुस्तकांत ही एक ओळ आहे, परीक्षेंत अर्धा मार्क. पण खाटेपाशीं एकदां असा श्वास मोजला कीं मुलगी तें जन्मांत विसरत नाहीं, आणि त्या एका मिनिटांत तिला कळतें कीं आपण येथें नुसत्या उभ्या नाहीं.

कागदावर हें नाहीं असें नाहीं. भारतीय परिचर्या परिषदेनें बी.एस्सी.चा सुधारलेला अभ्यासक्रम २०२१ पासून लागू केला, त्यांत पहिल्याच सहामाहींत रुग्णालयांतील प्रत्यक्ष कामाचे १६० तास धरलेले आहेत. दहा विद्यार्थ्यांमागें एक शिक्षक हें प्रमाणही परिषदेचेंच. नियम चांगला आहे. परंतु त्या तासांत काय होतें, हें नियमाला दिसत नाहीं. १६० तास कपाटाआड काढले तरी हजेरी १६० तासांचीच लागते.

येथें कोणी जाणता माणूस म्हणेल, मास्तर, पूर्वीं तर पोरींना पहिल्या दिवसापासून वॉर्डांतच घालीत. त्या काळच्या सिस्टर किती तयारीच्या असत! हें अर्धें खरें आहे. १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत नायटिंगेल बाईंच्या नांवच्या निधींतून शाळा निघाली, तींत शिकाऊ मुली वर्षभर वॉर्डांत राहून तेथल्या सिस्टरच्या हाताखालींच शिकत. पद्धत चांगली होती. पण ती जगभर पसरली तेव्हां रुग्णालयांच्या चालकांना तींत निराळेंच कांहीं दिसलें, तें म्हणजे फुकटांतले हात. शाळेच्या नांवाखालीं मुली घ्यावयाच्या आणि त्यांच्यावर वॉर्ड चालवावयाचा. अमेरिकेंत १९२३ सालीं गोल्डमार्क अहवाल निघाला, त्यानें हेंच उघडें केलें कीं, मुलीच्या शिक्षणाची गरज आणि रुग्णालयाच्या कामाची गरज यांची गांठ पडली कीं हार शिक्षणाची होते. आपल्या देशांत तर विचारूंच नका. भोर समितीनें १९४६ सालीं अहवाल दिला, त्या वेळीं साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत परिचारिका सुमारें ७,०००. म्हणजे ४३,००० माणसांमागें एक. एवढी टंचाई असल्यावर शिकाऊ पोरीचे हात कोण मोकळे सोडणार? त्या जुन्या काळांत कांहीं मुली तयार झाल्या, त्या आपण पाहतों. ज्या भिऊन परत गेल्या त्यांची गणती कोणीं ठेवली आहे?

तेव्हां लवकर नेणें निराळें आणि लवकर जुंपणें निराळें. तुम्ही शेतकरी आहां, तुम्हांला हें आम्हीं समजावयास नको. पाड्याला पहिल्यांदा जोताला लावतांना आपण त्याला जुन्या बैलाच्या जोडीला लावतों, आणि तेंही दोन फेऱ्यांपुरतें. दोन पाडे एकत्र जुंपून भरल्या चिखलांत कोणी सोडीत नाहीं. सोडले तर पाडा अडेल होतो, आणि मग आपणच म्हणतों, जनावर नालायक निघालें.

२०२० सालीं याच्या अगदीं उलट झालें. महामारींत संस्था बंद पडल्या आणि पुष्कळ मुली इंजेक्शन कसें द्यावें तें मोबाईलच्या पडद्यावर शिकल्या. त्याला कोणाचा इलाज नव्हता. पण तो प्रकार सोयीचा आहे, खर्चाचा कमी आहे, म्हणून पुढें कोणी कायमचा करूं पाहील तर त्याला विरोध केला पाहिजे.

आतां जरा कडू बोलतों. पोथी आधीं आणि हात मागून, हा क्रम कोठून आला? या देशांत ज्या कामाला हात लावावा लागतो तें हलकें, आणि ज्याला नुसतें तोंड लागतें तें थोर, ही जुनी वर्णव्यवस्थेची शिकवण आहे. रोग्याचें अंग पुसणें, त्याचें भांडें काढणें, बाळंतिणीचें करणें हें सारें विटाळाचें. तें ज्यांच्यावर लादलें त्यांना विद्या नाहीं, आणि ज्यांच्याकडे विद्या त्यांना त्याचा स्पर्श नाहीं. म्हणून परिचर्येची विद्या आपल्याकडे आली तेव्हां सोवळ्यांतल्या घरांनीं तिच्याकडे पाठ फिरविली, आणि पुष्कळ काळ ती ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुलींच्या हातीं राहिली. आपले लोक दुखणें घेऊन ज्या मिरजेला जात, तेथें डॉक्टर वॉन्लेस यांच्या मिशन रुग्णालयाला जोडून १८९७ सालीं परिचर्येची शाळा निघाली. ज्या सालीं सावित्रीबाई गेल्या तेंच हें साल. त्याच्याही आधीं, १८९१ सालीं, बाई काशीबाई गणपत या शिकावयास आल्या. पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून परिचर्येच्या इतिहासांत त्यांचें नांव येतें. त्या बाईंस घरच्यांनीं आणि शेजाऱ्यांनीं काय काय ऐकविलें असेल, याची कल्पना आपण करावी. कारण तेंच आपण आजही ऐकवितों. "पोरीला घाण काढायला पाठवलंस?" हें वाक्य आम्हीं याच गांवांत, आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकलें आहे. सोवळें दुसऱ्याच्या घरांतून हाकललें आणि आपल्या घरांत आणून बसविलें, असला हा प्रकार आहे. असलें बोलणें कानांत घेऊन मुलगी वॉर्डांत जाते; तिचे हात कापतात त्यांत आपलाही वांटा आहे.

आणि दुसरी गोष्ट भाषेची. मुलगी मराठी शाळेंतून जाते. संस्थेंत सर्व इंग्रजी. ज्या मुलीच्या घरांत इंग्रजी पुस्तक कधीं आलें नाहीं ती वर्गांत मुकी होते, आणि मुकी दिसली कीं लोक तिला मठ्ठ म्हणतात. परंतु रोगी इंग्रजींत कण्हत नाहीं. त्याला कळ येते, चमक मारते, ठणकतें, जळजळतें, मळमळतें, पोटांत गोळा येतो, छातींत धस्स होतें. यांतील प्रत्येक शब्दाचा अर्थ निराळा आहे, आणि तो आपल्या पोरीला आजीच्या तोंडून ठाऊक आहे. वर्गांत जी शेवटच्या बांकावर असते ती खाटेजवळ पहिली होऊं शकते. पण तिला खाटेजवळ नेलें तर! वर्षभर वर्गांतच ठेवली तर 'मला कांहीं येत नाहीं' हें एवढेंच ती पाठ करते.

आमच्या त्या पोरीचें पुढें काय झालें, हें विचारावयास तुम्ही थांबलां असाल. ती परत गेली. ती आमच्या उपदेशानें गेली असें सांगावयास आम्हांस आवडलें असतें, परंतु तें खरें नव्हे. तिच्या आईला जेव्हां सारें कळलें तेव्हां ती माउली म्हणाली, "लिवलंस ता जाऊन सांग पयला. मग सोडायचा तर सोड." आई सही करण्यापुरती शिकलेली आहे. आम्ही त्या वेळीं तेथेंच होतों, आणि आमचा फळा आम्हांस आठवला.

पोर गेली आणि तेथें नव्यानें आलेल्या एका पाठ्यनिर्देशिका बाईंस तिनें खरें तें सांगितलें. बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ज्यांचे आकडे तू लिहिलेस त्यांच्यापैकी वॉर्डात अजून कोण आहे?" दोघे होते. बाईंनीं आधीं त्या दोघांचे रक्तदाब स्वतः पाहिले. मग पोरीला म्हणाल्या, "उद्या सकाळी सातला ये. आपण एकच पेशंट घेऊ."

एक रोगी, एक खाट, एक आठवडा. बाई शेजारीं उभ्या. आधीं मनगटावर नाडी धरून पट्टा फुगवावयाचा. नाडी लागेनाशी झाली कीं तेथून आणखी तीस आंकडे वर न्यावयाचें. मग कोपराच्या आंतल्या बाजूस नळी ठेवून हवा सावकाश सोडावयाची. दांडग्या हाताला मोठा पट्टा लागतो. पहिल्या दिवशीं पट्टा सुटत होता तो लहान होता म्हणून, हें तिला तेव्हां कळलें. इतके महिने ती तो दोष आपल्या हाताचा समजत होती. बाई आधीं आपण बी.पी. घेत, आंकडा तळहातावर लिहून मूठ मिटीत, आणि मग पोरीला घ्यावयास लावीत. पोरीनें आंकडा सांगितला कीं मूठ उघडावयाची. पहिल्या दिवशीं फरक वीसाचा. चौथ्या दिवशीं बाईंच्या मुठींत १३४ वर ८६, आणि पोरीचा १३६ वर ८८. तें सांगतांना तिनें आम्हांस स्वतःचा तळहात उघडून दाखविला, जणूं आंकडा तिच्याच हातावर लिहिला होता.

पुढें तिसऱ्या आठवड्यांत एक गोष्ट घडली. त्या वॉर्डांत आपल्या संगमेश्वर बाजूची एक म्हातारी होती, लेकाकडे राहावयास गेलेली. मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. दुपारीं ती कुडकुडूं लागली आणि कांहींतरी पुटपुटूं लागली. वॉर्डांतल्या मावशीनें थंडी म्हणून तिच्यावर घोंगडी घातली. पोर जवळ गेली, हात धरला. हात गार, पण घामानें ओला. म्हातारी म्हणत होती, "बाय, हुडहुडल्यासारा व्हताय... आज माजा उपास हाय." त्या दिवशीं संकष्टी होती. सकाळचें इन्सुलिन घेतलें होतें आणि जेवणाचें ताट झांकलेलें तसेंच खाटेखालीं ठेवलें होतें. तिची बोली तेथें कोणाला नीट कळत नव्हती, आणि उपासाचें तिनें कोणाला सांगितलेंही नव्हतें. पोर धांवत बाईंकडे गेली. बाईंनीं बोटांतलें रक्त तपासलें, साखर ५२. सत्तरच्या खालीं गेली कीं धोका समजतात. लगेच साखरेचें पाणी पाजलें, पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासलें, आणि म्हातारी शुद्धीवरची बोलूं लागली. तिनें पहिलें काय विचारलें असेल? "बाय, माजा उपास मोडला काय गो?"

पोरीनें यांत मोठा पराक्रम केला असें आम्ही म्हणत नाहीं. साखर तपासली दुसऱ्यांनीं, दिली दुसऱ्यांनीं. पण तिनें हात धरला, ताट पाहिलें, बोली ओळखली, आणि आपल्याला जें येत नाहीं तें येणाऱ्याला वेळेवर सांगितलें. आमच्या मतें धीर तो हाच. धिटाई निराळी. चार आठवडे वॉर्डांत काढले कीं कांहीं मुलींना सारें येतें असें वाटूं लागतें. त्या न विचारतां हात घालूं लागतात, आणि भित्र्या मुलीइतक्याच त्याही रोग्याला जड जातात. बाईंची ती मिटलेली मूठ धिटाईवरही औषध आहे, कारण मूठ उघडली कीं आपला आंकडा किती चुकला तें दिसतें.

ज्या सिस्टरनें पोरीला सर्वांदेखत बोल लावला तिच्याविषयींही दोन शब्द बोलणें न्यायाचें होईल. तीस खाटांना एकटी बाई. तिनें रोगी पाहावे कीं दहा शिकाऊ पोरींना शिकवावें? तिच्या तोंडून तें वाक्य गेलें तें वाईटच. पण शिकविण्याचें काम जिचें नव्हतें तिच्यावर तें टाकून संस्थेचें माणूस कचेरींत बसलें होतें, हें विसरूं नये. संस्थेनें फी घेतली ती शिकविण्याची.

म्हणून पालकांनो, फी भरण्यापूर्वीं संस्थेची इमारत आणि रंगीत पत्रक पाहून परत येऊं नका. तिचें रुग्णालय पाहा. खाटा किती यापेक्षां त्यांवर माणसें किती, तें मोजा. पहिल्या वर्षाच्या मुलींना गांठा आणि विचारा : पहिल्यांदा वॉर्डांत कधीं नेलें? सोबत कोण होतें? तें माणूस किती वेळ थांबलें? सरावाच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते? रात्रपाळी कधीं लावली, आणि तेव्हां शिकविणारें कोणी असतें काय? हीं उत्तरें कचेरींत विचारूं नका. वसतिगृहाच्या दाराशीं विचारा. आपण बैल घेतांना त्याचे दांत पाहतों, चालवून पाहतों. लेकीसाठीं एवढें तरी करावें.

आणि मुलगी सुटींत घरीं आली म्हणजे मार्क किती पडले हें विचारून झाल्यावर आणखी एक विचारा : या महिन्यांत तूं कोणाचें काय केलेंस? ती चादर बदलली म्हणाली तर हंसूं नका. कोणाची, कशी, तो रोगी काय म्हणाला, तें सर्व सांगावयास लावा. आणि तीं उत्तरें ती टाळूं लागली तर समजा, कपाटाआड उभी आहे.

आपल्या जवळच रत्नागिरीस जिल्हा रुग्णालय आहे, २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही निघालें आहे. महाराष्ट्रांतील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकीं एक तेथेंच आहे. इतकें जवळ असून आपल्या मुली रुग्णालय पाहतात तें घरचें कोणी आजारी पडलें म्हणजे, रडत रडत. या शिक्षणाला जाण्याचें ज्यांच्या मनांत आहे त्या मुलींनीं तें आधीं एकदां डोळे कोरडे ठेवून पाहावें, असें आमच्या मनांत आलें आहे. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारीं आतां बारावींत असलेल्या आमच्या जुन्या विद्यार्थिनींस घेऊन आम्ही जाणार आहों. तशी परवानगी मागितली आहे. ज्या आईबापांना बरोबर यावयाचें असेल त्यांनीं आपलीं नांवें शाळेंत द्यावीं. आमची ती पोरही त्या वेळीं सुटीवर घरीं आहे. ती येतें म्हणाली आहे. तिला काय विचारावयाचें तें वाटेंत विचारून घ्या. गाडी सकाळीं आठ वाजतां शाळेजवळून निघेल.